लोखंडी माणसाच्या आत

डब्याच्या झाकणाच्या कडेत मोगऱ्याचं एक फूल अडकलं होतं, आणि ते काढावं की तसंच राहू द्यावं हे जानरावला ठरवता येत नव्हतं — काढावं तर इंद्रभान गुरुजी म्हणणार, वाहिलेलं फूल नखानं काय खरवडता. राहू द्यावं तर झाकण फिरवताना ते चिरडून आत जाणार, रिळाला ओल लागणार, आणि मग मंगरूळपीरहून सिनेमाचं मशीन घेऊन आलेला हेमसिंग सगळ्या वस्तीसमोर शंख करणार. ताटाएवढा चपटा ॲल्युमिनियमचा डबा. वर उभ्या ओळींत जपानी अक्षरं. असे दोन डबे. दोन महिने ते विहारात मूर्तीच्या डाव्या हाताला पांढऱ्या घडीवर बसून होते. येणारी-जाणारी बायामाणसं आधी मूर्तीला आणि मग डब्यांना हात जोडत होती, आणि आज वैशाखी पौर्णिमेला सकाळी सजवलेल्या बैलगाडीतून मेडशीच्या स्टँडपर्यंत त्यांची मिरवणूकही निघाली होती. आत काय आहे ते कोणी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही कोणाला वाटली नव्हती.

सगळा उपद्व्याप गुरुजींचा. दीड वर्षापूर्वी कुठल्याशा मासिकाच्या मागच्या पानावरून पत्ता काढून त्यांनी जपानच्या एका बौद्ध मंडळाला इंग्रजीत पत्र धाडलं होतं — आम्ही छप्पन साली धम्मात आलेली माणसं, आमच्या लेकराबाळांनी भगवंतांचं चरित्र पडद्यावर पाहावं अशी फार इच्छा आहे, आपल्याकडे असल्यास कृपया पाठवावे. उत्तर आलं नाही. आलं ते थेट पार्सल. आतली चिठ्ठी जपानीत, डब्यांवरची अक्षरं जपानीत, आणि जपानी वाचणारा माणूस अकोल्यापर्यंत शोधूनही सापडेना. पण गुरुजी म्हणाले, "बुद्धाच्या मुलखातून आलं थे बुद्धाचंच असन ना! दुसरं कायले पाठवतीन थे लोक?"

"मिस्त्री, निंगते का झाकन?"

"निंगते, गुरुजी. घाई नका करू."

वस्तीत काहीही अडकलं — इंजिनाचा पिस्टन, विहिरीवरचा पंप, नव्या नवरीच्या पेटीचं कुलूप — की जानरावला बोलावणं. बारा वर्षं फौजेत रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. आता स्टँडजवळच्या पत्र्याच्या टपरीत तेलावरची इंजिनं दुरुस्त करायचा. लोक त्याला 'मिलिटरी मिस्त्री' म्हणत, आणि त्यालाही ते बरं वाटे. बारा वर्षांतलं बाकी सगळं झिजून गेलं होतं — बराकी, परेड, सरहद्दीवरची ती हाडं गोठवणारी थंडी — उरली होती ती एक संध्याकाळ आणि तिच्यानंतरची एक सकाळ. त्याने पेचकसाच्या टोकाने फूल अलगद बाजूला केलं, तळवा झाकणावर दाबला, आणि ते फिरलं. आतून औषधासारखा आंबूस वास आला. झाकण निघालं की त्याला नेहमी जरा बरं वाटायचं. ते का, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. घराच्या दाराला आतून कडी नाही, ती त्यानेच काढून टाकली होती, आणि लिलाबाईने दोनदा विचारून सोडून दिलं होतं.

"जानराव, आला काय रे बापू?"

त्याने मागे न वळताच ओळखलं. भागिरथाबाई. पांढरं लुगडं, हातात काठी, आणि आज सण म्हणून डोईवरचा पदर नीट चापून घेतलेला. देवलाची आई. देवला — तिचा एकुलता एक, जानरावच्या मागून फौजेत गेलेला, रणगाडा चालवणारा, एकाहत्तरच्या डिसेंबरात गेलेला. त्याला भरतीला घेऊन जाणाराही जानरावच होता.

खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. लढाई संपल्यावर सुट्टीवर आला, तो पेटीसुद्धा घरात न ठेवता आधी तिच्याकडे गेला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, 'कसा गेला रे माहा देवला?' — आणि तांब्या हातात तसाच धरून आपल्या तोंडून काय निघतंय ते तो स्वतःच ऐकत राहिला: गाडीतून उतरला होता माय, शिसमाच्या झाडाखाली बसला होता, हातात चहाचा मग होता, गोळा आला नि गेला, त्याले समजलं बी नाई, डोकं माह्या मांडीवर होतं... तिने डोळे पुसले, म्हणाली, 'सावलीत गेला म्हन.' झालं. तेव्हापासून ती गोष्ट तिची झाली. दर डिसेंबरात वस्ती देवलाचा दिवस पाळी आणि जेवणाआधी जानरावने उठून ती सांगायची असा रिवाजच पडला. एकदा तो चुकून बाभूळ म्हणाला, तर भागिरथाबाईने भर सभेत त्याला दुरुस्त केलं — 'शिसम, बापू, शिसम.' पुढच्या पावसाळ्यात तिने सरकारी नर्सरीतून शिसमाचं रोप आणून अंगणात लावलं. आता ते छपराच्या वर गेलं होतं. खोटं बोललं की जीभ झडते म्हणतात. इथे त्या खोट्यालाच पानं फुटली होती.

खरं एवढंच होतं की देवला उतरलाच नव्हता.

शाळेची मोठी खोली पत्र्याची. हेमसिंगला रात्री हेच मशीन मंगरूळच्या खेळाला लागणार, म्हणून सिनेमा भर दुपारी. म्हणून खिडक्यांना घोंगड्या, फटींना पोती, दारावर दोन गोधड्या, आणि आत दीडशे माणसं. वैशाखातलं ऊन पत्र्यावर असं बसलेलं की पत्रा मधूनच टक् करून वाजे. दार लोटलं गेलं, वरून गोधडी पडली, आणि जानरावच्या मानेमागे घामाची एक धार सरळ खाली उतरली... काही नाही, शाळा आहे. समोर शाळेचा फळा आहे, फळ्यावर दोन धोतरं जोडून पडदा केलाय, बाराखडीचा तक्ता अजून भिंतीवर आहे. तू चाळीशी ओलांडलेला माणूस आहेस, जानराव. तो मशीनच्या शेजारी, दाराच्या अगदी जवळ बसला. गुरुजींनीच बसवला, काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून. पण त्यांनी सांगितलं नसतं तरी तो तिथेच बसला असता.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. शेजारच्या गिरणीतून ओढलेल्या तारेवर मशीन खडखडायला लागलं. पडद्यावर काळं आकाश आलं, त्यात चांदण्या, मधोमध निळी गोल पृथ्वी — सगळं चितारलेलं, पण हलणारं — आणि दीडशे माणसांनी एकदम हात जोडले. बायकांतून कोणीतरी 'साधू, साधू, साधू' म्हटलं. मग सव्वीस जानेवारीला वाजतो तसा बँड वाजला. आणि मग एक पाय आला.

लोखंडी पाय. घोट्याला बोल्ट, टाचेखाली घर. घर चुरलं. पायावर पोटरी, पोटरीवर मांडी, आणि वर पाच ताडांएवढा एक लोखंडी माणूस, खांद्यावर तोफ, डोळ्यांच्या जागी पिवळ्या बत्त्या. जोडलेले हात तसेच राहिले. ते खाली घ्यावेत हे कोणाला सुचेना.

"मार!" गुरुजी अंधारात उभे राहिले. "मार हाय हा! भगवंतांच्या तपात विघ्न आनाले माराची सेना आली व्हती का नाई? थेच हे. बसा, बसा. आता भगवंत येतीनच."

लोक बसले. भगवंतांची वाट पाहू लागले. इतक्यात दुसऱ्या बाजूने दुसरा लोखंडी माणूस आला, निळा, आणि त्याने पहिल्याच्या छातीत तोफ डागली. हा तर आपला वाटत होता. पण पोटातून धूर काढत तोही एका गावावरून चालत गेला आणि त्या गावाचंही पीठ केलं. पुरुषांतून कोणीतरी विचारलं, "गुरुजी, दोन्हीकून मारच हाय काय?"

"हा... हा मारामारांतला आपसातला झगडा असन," गुरुजी म्हणाले, आणि खोलीत खसखस पिकली. पण उठून कोणी गेलं नाही. जाणार कसे? कोणाच्या डोळ्याला डोळा लागेल असलं हे प्रकरणच नव्हतं.

जानरावला आधी हसू आलं आणि मग मिस्त्रीचा राग आला. याला पाय कायले दिले? एवढं वजन दोन घोट्यांवर — पहिल्याच काळ्या रानात गुडघ्यापर्यंत रुतेल. आषाढात मेडशीच्या वावरातून बैल निघत नाहीत तर हा निघतो. पट्टा पाहिजे, पट्टा. आणि डिझेल कुठे भरतात? रेडिएटर कुठे? हा जो दर पावलाला टाच आपटतो, त्याची बेरिंगं संध्याकाळी कोण बदलतं? चितारणाऱ्याचं काय जातं, त्याला ग्रीस थोडंच लावायचंय... असं त्याच्या मनात चाललेलं, तोच चित्रात एक मोठी शेड आली, आणि शेडमध्ये त्या लोखंडी माणसाला झोपवलेलं, आणि त्याच्या अंगावर मुंग्यांसारखी माणसं. मिस्त्री! कपड्यांवर तेलाचे डाग, गळ्यात टॉवेल, एक म्हातारा कानाला पेन्सिल अडकवून लोखंडाच्या गुडघ्यावर पान्याने ठोकतोय आणि आवाज ऐकतोय. जानराव पुढे सरकला. हे बरोबर आहे. हे अगदी असंच असतं, ठोकून ऐकायचं असतं. हे काढणाऱ्याने कधीतरी वर्कशॉपमध्ये रात्र काढलेली आहे. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण म्हातारा काय बोलतोय ते तो ओठांवरून सांगू शकला असता — एक दिवस द्या साहेब, नुसता एक दिवस, हे असं जाऊ नये. आणि टोपीवाला साहेब मान हलवत होता, ती कशी तेही त्याला ठाऊक होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या बाजूने काही बोलत होतं, आणि तेही कुठल्या जपानातून, धोतराच्या पडद्यावर.

मग लोखंडी माणसाची छाती उघडली. दाढीसुद्धा न फुटलेला एक जण शिडीवरून चढला, आत बसला. त्याचं जायचं मन नव्हतं, ते तर आंधळ्यालाही दिसलं असतं. झाकण खाली आलं. आणि चित्र आत गेलं.

याची जानरावने कल्पना केली नव्हती. बाहेरून वाटेल तेवढी दाखवा — तोफ, धूर, पडलेली घरं, ती काय, बातमीपटातही दाखवतात. पण यांनी आतून दाखवलं. हिरवट उजेडात एक चेहरा, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब, आणि श्वास. सगळा बँड बंद, नुसता श्वास. देवलाचा चेहरा असाच दिसायचा, झाकणातून वाकून पाहिलं की... खाली, फार खाली, विहिरीत पाहावं तसा, दात तेवढे पांढरे. 'मिस्त्रीभाऊ, थो वरचा दांडा लय जड जाते. तोफ हातानं फिरवाचा. तोफवाला म्हने दोन मानसं लागतात.' आणि मी — मी दोन रात्रींचा जागा होतो. हे मी कोणाला सांगितलं नाही, सांगून उपयोगही नाही. जागा तर देवलाही होता. मी म्हणालो, 'सकाळी पाहू.' तो म्हणाला, 'पाह्य बाप्पा मंग.' हसला. गेला. आणि सकाळ व्हायच्या आतच हुकूम आला.

पहिलं रीळ संपलं. गोधड्या बाजूला झाल्या, उजेड आला. माणसं एकमेकांची घामेजलेली तोंडं पाहू लागली. हेमसिंग दुसरं रीळ चढवत म्हणाला, "क्या चीज भेजी है जपानवालों ने! माह्या टूरिंग टाकीचा तंबू तर सहा महिने हलनार नाई यानं." गुरुजी खांबाला टेकून बसले होते, त्यांचा चेहरा इतका पडला होता की त्यांना काही बोलणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. दीड वर्षाची वाट, दोन महिन्यांची फुलं. एका म्हाताऱ्याने त्यांची समजूत काढली — "असू द्या गुरुजी, लढाई वाईट, येवढं तर समजते ना यातून? भगवंत तरी दुसरं काय सांगत व्हते?" गुरुजींनी मान डोलावली, पण पटलं असं दिसलं नाही.

जानराव उठून जाऊ शकत होता. टपरीवर एक इंजिन खोलून पडलं होतं, निमित्त तयार होतं. पण त्याला त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं काय होतं ते पाहायचं होतं, आणि पाहायचं नव्हतंही.

दुसऱ्या रिळात तेच झालं. व्हायचंच होतं, गुडघा दुखरा असला की माणूस त्याच पायावर पडतो. नदीकाठच्या वाळूत तो लोखंडी माणूस कोसळला, पालथा नाही, कुशीवर, आणि खांद्यावरची तोफ वाकून नेमकी छातीवरच्या झाकणावर आली. आत हिरवा उजेड लाल झाला. आतला पोरगा झाकणाला हात लावतो, खांदा लावतो. झाकण हलत नाही. धूर. जानरावची बोटं मशीनच्या लाकडी पेटीत रुतली... हे यांना कोणी सांगितलं? तोफेची नळी नेमकी झाकणावर येऊन थांबते आणि वीज गेलेली असते आणि मग हाताने फिरवायच्या दांड्याशिवाय काही उरत नाही, हे जपानात कोणाला कळलं? देवलाच्या गाडीतली वरची तिघं बुरुजातून उड्या मारून बाहेर पडली होती. तोफवाल्याने दांड्याला लटकून पाहिलं, नंतर साहेबापुढे तो म्हणाला, दोन्ही हातांनी, साहेब, जीव लावून. जरा — एक हातभर फिरली असती तर...

मशीन थांबलं. पडदा विझला. गिरणीकडून कोणीतरी ओरडलं, "लाइन गेली!"

अंधार. घोंगड्यांच्या कडांना उजेडाच्या बारीक रेघा, आणि पत्र्याची टक्, टक्. पडद्यावरचा पोरगा आत अडकलेला तसाच राहिला होता, आणि बहुतेक म्हणूनच, दार उघडा असं कोणी म्हणेना. जानरावने दारावरच्या गोधडीची कड हातात धरली, पण ती सारली नाही.

"जानराव." बायकांच्या बाजूने भागिरथाबाईचा आवाज आला. शांत. घरात बसून विचारावं तसा.

"हो, माय."

"देवला असाच आत बसे?"

"...हो. असाच."

"आन वरून असंच झाकन?"

"हो."

पत्रा वाजला. कोणाचं तरी तान्हं किरकिरलं आणि थांबलं.

"मंग गोळा आला तवा त्याचं झाकन उघडलं व्हतं ना?"

आत्ता. अंधार आहे, तोंड दिसत नाही, तिने स्वतःच दारावर बोट ठेवलंय. आत्ता एक शब्द बोललास — 'नाही', एवढा एकच — तरी पुरे. त्याने तोंड उघडलंही. पण त्याच्या आधी गुरुजींचा आवाज आला, समजावणीचा, मायेचा, "बाई, देवला तर भाईर व्हता ना. शिसमाखाली. मिस्त्रीनं सांगतलं नाई का?" आणि मागून दोघा-तिघांनी री ओढली — शिसमाखाली, हो, चहाचा मग होता ना हातात, डोकं मांडीवर होतं. सगळ्या वस्तीला ते पाठ होतं. त्याचं खोटं आता त्याच्यावाचूनही उभं राहू शकत होतं.

"थे मले ठावं हाय," भागिरथाबाई म्हणाली. "पन झाडाखाली यायच्या आधी या डब्यातून त्याले कोनी तरी काढलंच असन ना? इतकं जड झाकन. एकट्यानं नाई उघडत थे. तुमी पाह्यलं नाई काय आत्ता?"

लाइन आली. मशीन खडखडलं, आणि धुरातून तो म्हातारा मिस्त्री धावत आला, कानावर पेन्सिल तशीच. त्याने पहार घातली, वाकलेली नळी रेटली, अंग झोकून रेटली, आणि झाकण उघडलं. पोरगा बाहेर आला. खोकत, काळा होऊन, पण आला. सगळी खोली टाळ्या पिटू लागली, जपानी मिस्त्रीसाठी मेडशीची दीडशे माणसं टाळ्या पिटत होती, आणि त्या गदारोळात भागिरथाबाई काठीवर उठून उभी राहिली, तिची सावली पडद्यावर पडली, आणि ती ओरडून म्हणाली, "या जानरावनंच काढलं व्हतं माह्या देवलाले! यानंच काढलं आन सावलीत नेलं! थो कधी बोलला नाई तोंडानं!"

मग काय. पहिल्याने खीर त्याला. गुरुजींच्या जिवात जीव आला होता. सबंध दुपार वाया गेली नाही, असं त्यांना एकदम दिसलं असावं. त्यांनी डब्यांवरचा हार काढून जानरावच्या गळ्यात घातला आणि आपल्या वस्तीतल्या वीर पुरुषावर चार शब्द बोलले. कोणी पाठ थोपटली. कोणी म्हणालं, "इतके वर्स लपवून ठेवलं राजा, मानलं तुले!" खिरीचा द्रोण हातात गरम लागत होता आणि त्याला वाटत होतं, आपण उभे नाही, आपल्याला उभं केलंय, आत कुठेतरी खाली बसून कोणीतरी आपले हातपाय हलवतंय, मान झुकवतंय, हसवतंय, आणि वरचं झाकण पक्कं बसलंय. आजवरचं खोटं निदान त्याच्या दयेपोटी निघालं होतं, असं तो स्वतःला समजावू शकत होता. आजचं बक्षीस होतं. ज्याच्या हातून राहिलं त्याच्याच गळ्यात हार. त्याला उमाळाच आला. लोकांना वाटलं, मित्राच्या आठवणीने.

उन्हं कलली तेव्हा भागिरथाबाईला घरी पोचवायला तोच निघाला. हार त्याने शाळेच्या खुंटीवर ठेवला होता. रस्ता थोडाच, पण तिची चाल संथ, आणि ती दर दहा पावलांनी थांबून बोलायची.

"आतमंधी कसं लागे रे बसाले?"

"काय, माय?"

"त्या गाडीत. इतक्या वर्सांत तू मले थे नाई सांगतलं. नुसतं मरनच सांगतलं."

तो थांबला. खरंच. दर डिसेंबरात उठून त्याने तिला तिच्या मुलाचं मरण दिलं होतं, तेही नकली, आणि देवलाची चार वर्षं — जिवंत, धडधाकट, खादाड, शिवराळ चार वर्षं — आपल्यापाशीच दाबून ठेवली होती; कारण त्यांतल्या कुठल्याही दिवसाचं बोट धरलं तरी तो दिवस त्याच संध्याकाळी घेऊन जाणार होता.

"लय बुटकी जागा असते माय," तो म्हणाला. "गुडघे पार छातीपाशी. आन देवला असा लांब. रोज डोकं आपटे. रोज! आन आपटलं का गाडीले शिव्या दे."

"काय शिव्या दे?"

"थ्या तुमाले कशा सांगू?"

ती हसली. काठी टेकून, पदर तोंडाला लावून, सहा वर्षांत त्याने पाहिली नव्हती तशी हसली. "सांग अजून."

मग त्याने सांगितलं. बसायच्या फळीवर तो तुमच्या जुन्या लुगड्याची घडी टाके. वर्कशॉपचा साहेब म्हणाला हे काय चिंधूक, तर म्हणे साहेब, इंजिन गरम होते तसं माहं बूड बी गरम होते. तुम्ही पाठवलेल्या ठेच्याची बाटली गिअरजवळच्या खोबणीत ठेवे, सगळ्या गाडीला लसणाचा वास. उन्हाळ्यात आत इतकं तापे की लोखंडाला हात लावायची सोय नसे, तरी हा आत बसून गाणं म्हणे, आणि वरच्यांना वाटे इंजिनच कुरकुरतंय. ती प्रत्येक गोष्टीवर 'हो?' म्हणायची, 'मंग?' म्हणायची, आणि तो सांगत जायचा, आणि आपला आवाज त्याला बऱ्याच दिवसांनी आपला वाटत होता. घर आलं. ती ओट्यावर बसली. तो खालच्या पायरीवर बसला, जायचं सोडून. कोणत्या क्षणी कळलं नाही, पण गोष्ट पावसाळा ओलांडून हिवाळ्यात शिरली होती, पंजाबातल्या उसाच्या शेतांत, आडोशाला लावलेल्या गाड्यांपाशी, आणि त्याचं तोंड बोलतच होतं.

"...त्या दिवशी सांजच्याले थो माह्याकडं आला. दोन रातींचा जागा व्हता. मी बी."

"मंग? काय म्हने?"

इथे तो नेहमी थांबायचा. बोलताना नव्हे, मनात. इथे त्याला तिची भीती वाटायची — ती काय म्हणेल, त्याच्या तोंडावर थुंकेल, वस्ती काय म्हणेल, आपल्या पोरांना कोणाची पोरं म्हणतील. ती भीती आत्ता यायला हवी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. हसून हसून तिच्या गालांवर ओल आली होती ती तिने पुसली नव्हती. पाय दुखतात म्हणून एका हाताने गुडघा चोळत होती. आणि तोंड थोडं उघडं ठेवून, अगदी जेवायला बसल्यासारखी, पुढच्या शब्दाची वाट पाहत होती. भीती आली. पण ती तिच्यासाठी आली. कळल्यावर हिने या ओट्यावरून उठायचं कसं, आत जाऊन चूल पेटवायची कशी, उद्या सकाळी कोणाच्या तोंडाकडे पाहायचं — हे प्रश्न सहा वर्षांत त्याच्या मनात एकदाही आले नव्हते, याची त्याला अशी लाज वाटली की कानशिलं तापली. म्हणजे दया ती कधी नव्हतीच, तो आपलंच झाकण धरून बसला होता. सांगणं कठीण असेल असं त्याला वाटायचं. आता सांगणं आणि न सांगणं, दोन्ही सारखंच जड झालं होतं, आणि दोन्हीचं ओझं तिच्या गुडघ्यांवर येणार होतं.

"बोल ना, बापू," भागिरथाबाई म्हणाली. "काय म्हने माहा देवला?"

जानराव पायरीवरून उठला आणि वर, ओट्यावर, तिच्या शेजारी बसला. तिचा गुडघ्यावरचा हात त्याने हातात घेतला. तो हात किती हलका आहे, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. "म्हने, मिस्त्रीभाऊ," तो म्हणाला, "थो वरचा दांडा लय जड जाते."